सात नंबरच्या तळाची नोंद

चोन-बेल, ६ नोव्हेंबर २०२२

बेगिमाय,

माणसं-जनावरं सुखरूप ना? तुझ्याकडे जनावर म्हणजे एक मांजर, आणि तेही शेजारणीचं, हे मला ठाऊक आहे. पण पत्राची सुरुवात दुसऱ्या कशानं करायची ते मला कोणी शिकवलेलं नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि मागून कीबोर्ड बडवल्याचा आवाज येत राहतो. ईमेलनं का होईना, पत्र तुला निदान वाचावं तरी लागेल.

आपल्यात म्हणतात ना, भाची घरी येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. माझ्या घरी उलटंच झालंय. भाची दोन वर्षं फिरकली नाही आणि तिचं कापचिक मात्र येऊन बसलंय. हो, तेच, तू कॉम्प्युटरसाठी लिहून जगाला फुकट वाटलेलं. कापचिक म्हणजे पिशवी, म्हणून तुझी आई गावभर सांगत फिरायची, माझ्या मुलीनं पिशवी शिवलीय. बायका विचारायच्या, कातड्याची की लोकरीची? ती म्हणायची, ते मला काय माहीत, पण अमेरिकेतले लोक वापरतात.

तर ऐक. यंदा आपल्या मेंढपाळांच्या संस्थेनं ठरवलं की डोंगरातल्या हिवाळी तळांवर जी माणसं एकटी राहतात, त्यांची रोज खबर मिळाली पाहिजे. नऊ तळ आहेत. वर फोन लागत नाही. म्हणून प्रत्येक तळावर एक डबी बसवली, तिला एक बटण. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा दाबायचं. शाळेच्या छपरावरच्या अँटेनाच्या काठीला ते कळतं आणि तिथून माझ्या कॉम्प्युटरला. पुढचं काम तुझ्या कापचिकचं. बटण दाबलं की त्यात आपोआप लिहिलं जातं: तळ तीन, ठीक आहे, मुदत चौदा तास. पुन्हा बटण दाबलं की मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू. चौदा तासांत दाबलंच नाही, तर नोंद संपली आणि घंटा वाजली. घंटा वाजली की मी संस्थेला फोन करायचा आणि संस्थेची गाडी वर निघणार. छत्तीस वर्षं पोरांना पदार्थविज्ञान शिकवलं, त्यातलं एवढं तरी उपयोगी पडलं म्हणायचं.

मागच्या रविवारी तपासायला म्हणून तीन नंबरला सांगून बटण दाबू दिलं नाही. मी तिसऱ्या तळाचं पान उघडून समोर बसून राहिलो, मिनिटाला एकदा ताजं करत. चौदा तास झाले आणि घंटा वाजली. माझ्या हातातला चहा सांडला. प्रत्येक तळाचं मी वेगळं पान केलंय, नऊ पानं. चहा पिता पिता एकेक उघडून बघतो. माझा कॉम्प्युटर म्हातारा आहे, सगळं एकदम दाखवायला कुरकुरतो.

बर्फ पडायच्या आत ये. नाहीतर नवरोजला तरी ये.

तुझा मामा,
तुर्सुनबेक

---

बिश्केक, ११ नोव्हेंबर

आदरणीय मामा,

मांजर सुखरूप आहे. माणसाचंही बरं चाललंय.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खरं सांगते, कापचिकबद्दल मला पत्रं येतात ती फक्त तक्रारीची. बारा देशांतले लोक ते वापरतात आणि त्यातल्या एकानंही आजवर मला लिहिलं नाही, की बाई, तुझी पिशवी चांगली चालली आहे. बिघडली की मात्र लिहितात, आणि असं लिहितात जसं काही मी त्यांच्याकडे पगारी आहे. ती अशा कामासाठी कोणी वापरेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. लोक त्यात हवामान ठेवतात, भाव ठेवतात, कोण आत्ता आत आलंय ते ठेवतात. नाव सांगायचं, वस्तू ठेवायची, किती वेळ ते सांगायचं. तुम्ही त्यात माणसं ठेवलीत.

नऊ वेगळी पानं हे उत्तम केलंत. म्हाताऱ्या कॉम्प्युटरला तेच बरं. एक गंमत सांगते, माझं कापचिक जरा आळशी आहे हं, माझ्यासारखंच. विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. पण त्यामुळेच ते इतकं जलद आहे आणि फार जागा खात नाही.

कामाचा फार ताण आहे, बर्फाआधी जमणार नाही. तळांवर कोण कोण आहे यंदा? सात नंबर म्हणजे आई सांगायची तोच का, झऱ्याच्या वरचा?

तुमची,
बेगिमाय

---

चोन-बेल, २ डिसेंबर

बेगिमाय,

आळशी असशील तू. तुझं कापचिक नाही. परवा सकाळी मी चार नंबरचं पान उघडलं आणि घंटा खणखणली. सोल्तोबायनं रात्री बटण दाबलंच नव्हतं. गाडी वर गेली, चार माणसं, एक डॉक्टर, दोन कुत्री. सोल्तोबाय दारात उभा, तोंडाला साबण लावून दाढी करत होता. विसरला म्हणाला. त्याच्या बायकोनं खाली गावात त्याची जी काढली ती मी इथे लिहीत नाही. पण संस्थेच्या बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मीही सांगून टाकलं की ही माझ्या भाचीची अक्कल आहे. आता गावात तुला सगळे ओळखतात.

तू सात नंबरचं विचारलंस. हो, झऱ्याच्या वरचाच. तिथे असानकुल आहे.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आमचं बोलणं नाही. तुला आठवत असेल, लहानपणी तो तुला खोगिरावर पुढे बसवून फिरवायचा. मी आणि तो एकाच वर्षी जन्मलो, एकाच बाकावर बसलो, एकाच दिवशी शाळेतून हाकलले गेलो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या मुलाचं, एर्मेकचं, लग्न झालं. मांस वाटायची वेळ आली. मोठ्या पाहुण्याला जांबाश, म्हणजे खुब्याचं हाड द्यायचं, हे दूधपित्या पोरालाही कळतं. असानकुलनं काय करावं? जांबाश दिलं तालुक्याहून आलेल्या एका कारकुनाला, आणि माझ्यापुढे ठेवली नळी. चाळीस माणसांदेखत. तुझ्या आईला जाऊन तेव्हा महिना झाला होता. मी नळीला हात लावला नाही, उठलो आणि घरी आलो. तो येईल असं वाटलं होतं, आला नाही. असो. हाडच ते.

त्याची बायको बुरुलचा नातवाच्या शाळेसाठी खालीच असते. दुकानात दिसली की मी सलाम करतो, तीही करते. तेवढंच.

मामा

---

बिश्केक, २० डिसेंबर

मामा,

इथे धूर इतका आहे की समोरची इमारत दिसत नाही. या आठवड्यात मी दुकानातल्या बाईशी बोलले, आणि लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी. बाकी सगळं लिहूनच. तक्रार नाही, सवय झालीय.

असानकुलकाकांचं वाचून हसू आलं आणि मग वाईट वाटलं. त्यांच्या खोगिराचा वास मला अजून आठवतो. मामा, हाडासाठी दोन वर्षं? आईनं तुम्हा दोघांचे कान धरून एका ताटात जेवायला बसवलं असतं. नव्या वर्षाचं निमित्त आहे. एकदा बोला ना.

मी येईन म्हणते, पण नवरोजचंही नक्की सांगत नाही.

बेगिमाय

---

चोन-बेल, २३ जानेवारी २०२३

बेगिमाय,

असानकुल गेला.

झऱ्यावर पाणी आणायला गेला, बर्फावरून घसरला, पाय खुब्यात मोडला. सतराच्या संध्याकाळी किंवा अठराच्या पहाटे. एकोणिसाच्या दुपारी आठ नंबरच्या केमेलला असानकुलच्या मेंढ्या भुकेल्या फिरताना दिसल्या, म्हणून तो बघायला गेला. मग घोडा दौडवत टेकडीपर्यंत आला, तिथून फोन लागतो, आणि मला सांगितलं. त्याचा फोन कानाला लावूनच मी सातचं पान उघडलं आणि तेव्हा तुझी घंटा वाजली. तेव्हा. केमेल पलीकडून विचारत होता, मास्तर, कसला आवाज होतोय?

डॉक्टर म्हणाला, अठराच्या दुपारपर्यंत जिवंत असावा. बर्फात रांगल्याच्या खुणा होत्या. नोंद अठराच्या पहाटे संपायला हवी होती. घंटा पहाटे का वाजली नाही? एर्मेक मला हेच विचारतो. संस्थेचे लोक विचारतात. मी काय सांगू?

मामा

---

बिश्केक, २४ जानेवारी

मामा,

काल फोन लावला, तुम्ही उचलला नाही. तुम्ही जेवता ना? कोणी सोबत आहे का?

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर द्यायलाच हवं, म्हणून देते. कापचिक स्वतःहून काही बघत नाही. मुदत संपली तरी नोंद आत तशीच पडून राहते. कोणीतरी तिचं नाव घेऊन विचारलं की मग ते तारीख-वेळ बघतं, म्हणतं, अरे, ही तर संपली, आणि काढून टाकतं आणि घंटा वाजवतं. तीन नंबरच्या वेळी तुम्ही मिनिटामिनिटाला विचारत होतात. चार नंबरच्या वेळी तुम्ही पान उघडलंत म्हणून वाजली. पान उघडणं म्हणजेच विचारणं. कोणी विचारलंच नाही तर ते जन्मभर गप्प बसेल. मी नोव्हेंबरात तुम्हाला हेच लिहिलं होतं, पण चेष्टेत लिहिलं, अर्ध्या ओळीत. तुम्हाला ते कसं कळणार होतं?

पण मामा, तुम्ही रोज पानं उघडता. मग अठराला सकाळी सातचं उघडलं असेल तेव्हा वाजायला हवी होती. तेव्हा वाजली नाही, याचा अर्थ माझ्या लिखाणात आणखी काहीतरी चुकलंय. ते मला शोधायचंय. कॉम्प्युटरवर कापचिकच्या नावाची एक फाइल असते, त्यात ते जे जे करतं ते लिहून ठेवतं. ती जशीच्या तशी पाठवा.

बेगिमाय

---

चोन-बेल, ३० जानेवारी

बेगिमाय,

फाइल सोबत आहे. मी त्यात काही फिरवलेलं नाही.

रोज नऊ पानं उघडतो, सकाळी आणि संध्याकाळी. अठरालाही उघडली होती.

गावात बोलणं चाललंय. तू दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा मीच सांगतो. एर्मेकनं मशिदीबाहेर सगळ्यांसमोर म्हटलं की बिश्केकच्या पोरीच्या खेळण्यावर आपण बापाचा जीव टांगून ठेवला. दोघं-तिघं म्हणाले, फुकटची वस्तू, फुकटासारखीच निघाली. मी तिथेच उभा होतो.

उलट मलाच सगळे समजावतात, मास्तर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बुरुलचानं चहा पाठवला, दूध घालून, किटलीतून. तो मला पिववला नाही.

मामा

---

बिश्केक, ६ फेब्रुवारी

आदरणीय मामा,

नवं कापचिक काल सगळ्यांसाठी खुलं केलं. आता त्यात एक झाडूवाला आहे. तो दर मिनिटाला सगळ्या नोंदींवरून फिरतो आणि जी संपली तिची घंटा वाजवतो, कोणी विचारो वा न विचारो. सोबत लिहून दिलंय ते तसंच तुमच्याकडे बसवा, आजच. आठ माणसं अजून वर आहेत.

आता माझं एक सांगायचंय. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा देशातल्या एका माणसानं मला अगदी हेच मागितलं होतं. त्यानं नीट समजावून लिहिलं होतं, की कोणी विचारलंच नाही तर संपल्याचं कळणार कसं? आई तेव्हा दवाखान्यात होती, मी थकले होते, आणि मला त्याचा रागही आला होता. मी दोन ओळींत उत्तर दिलं: ज्यानं वस्तू ठेवली तो विचारणारच, नाहीतर ठेवली कशाला? आणि त्याची मागणी बंद करून टाकली. या पंधरा दिवसांत मी ते उत्तर रोज काढून वाचते. त्या दिवशी एका दुपारचं काम केलं असतं तर असानकुलकाका आज दवाखान्यात पडून नर्सना शिव्या देत असते. हे मी तुम्हाला पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. तेव्हा एर्मेक म्हणतो ते मला लागू आहे. त्याला बोलू दे.

नव्या कापचिकच्या माहितीपत्रात मी लिहिलंय की जुन्यात चूक होती आणि ती माझी होती.

फाइल वाचली. एकच विचारते. सात नंबरचं पान तुमच्याकडे उघडत नव्हतं का? एखादं पान बिघडू शकतं, लिहिताना एखादं अक्षर सुटतं. तसं काही होतं का?

बेगिमाय

---

चोन-बेल, ९ फेब्रुवारी

बेगिमाय,

झाडूवाला बसवला. चालतो.

हो. सातचं पान उघडत नव्हतं. बिघडलं होतं. मी तुला सांगायला विसरलो.

मामा

---

बिश्केक, १६ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र मी चार दिवस लिहितेय आणि खोडतेय.

नऊ पानं तुम्ही एकाच साच्यातून काढली आहेत. एक बिघडलं असतं तर नऊच्या नऊ बिघडली असती. आणि एकोणिसाला दुपारी ते पान पहिल्या झटक्यात उघडलं.

फाइलमध्ये कोणी काय विचारलं तेही लिहिलेलं असतं. नोव्हेंबरपासून तुम्ही रोज दोनदा विचारलंत. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ. एक दिवस चुकला नाही. वादळ होतं त्या दिवशी तर दहा-दहा वेळा विचारलंत. सात नंबरला एकोणिसाच्या आधी अडीच महिन्यांत एकदाही विचारलेलं नाही. आणि वेगळी पानं कशासाठी होती तेही मला आता कळलंय. मी त्याचं कौतुक केलं होतं.

हे मी कोणाला दाखवणार नाही. चूक माझी होती असं मी सगळ्या जगाला लिहून दिलंय आणि ते खोटं नाही. माझं कापचिक धड असतं तर तुम्ही विचारलं काय न विचारलं काय, घंटा वाजलीच असती. गावानं मला नावं ठेवली तर मला काय फरक पडतो? मी तिथे राहत नाही. इथे मला कोणी ओळखतही नाही. तुम्हाला मात्र त्याच दुकानात जायचंय.

पण त्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्यापासून लपवायचा मला हक्क नाही. बाकीच्या आठ तळांवरून दिवसाला दोनदा बटण दाबलं जातं. सोल्तोबायचं तर कसंबसं दीडदा. सात नंबरवरून दिवसाला सहा, सात, कधी नऊ वेळा. सकाळी उठल्यावर, मेंढ्या सोडल्यावर, जेवताना, चहाला, मेंढ्या आत घेतल्यावर. वर्षाच्या पहिल्या दिवशी तेरा वेळा. मला आधी वाटलं बटण अडकलं असेल. तसं नाही. वेळा लिहिलेल्या आहेत, प्रत्येक वेळी माणसाचा हात होता. सतराला शेवटची संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांनी.

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला माहीत नाही. तुम्हाला कदाचित असेल.

मामा, तुम्ही मला खोटं सांगितलंत म्हणून राग नाही. आता एवढ्या मोठ्या जगात मला तुम्हीच उरलात. फक्त, हे असं मनात घेऊन तुम्ही एकटे बसलात तर मला इथून काहीच कळणार नाही.

तुमची,
बेगिमाय

---

चोन-बेल, १ मार्च

बेगिमाय,

तुझ्या पत्राला दोन आठवडे उत्तर दिलं नाही. तू सहा वेळा फोन केलास, मी फोनकडे बघत बसलो. माफ कर.

फाइल पाठवताना तू ती वाचणार हे मला माहीत होतं. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, इतका का मी अडाणी आहे? मला स्वतःहून बोलता येईना, म्हणून तुझ्याकडून बोलवून घेतलं. आणि तू विचारलंस तेव्हा पुन्हा खोटं बोललो. तू मला पळवाट दिलीस आणि मी बेशरमासारखा तिच्यातून निसटलो.

रोज सकाळी चहा घेऊन बसायचो. सहाचं पान झालं की आठचं. मनात म्हणायचो, काही झालं तर घंटा वाजेलच की, मी कशाला त्याचं थोबाड बघू? पानावर तर नुसती अक्षरं असतात, सात, ठीक आहे. तेवढं वाचायचीही माझी तयारी नव्हती. एका नळीच्या हाडापायी.

सव्वीसला त्याचा चाळिसावा दिवस होता. घोडी कापली, गाव जमलं. बाहेर पुरुषांत बसलो होतो. मुल्लांचं वाचन संपलं आणि एर्मेक पुन्हा त्या कापचिकवर घसरला. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, एर्मेक, यंत्रात खोट होती हे खरं, माझ्या भाचीनं ते कबूल केलंय. पण ती खोट असूनही एका माणसानं आपलं काम केलं असतं तरी तुझा बाप सापडला असता. रोज दोनदा नाव घेऊन विचारायचं, एवढंच त्या माणसाचं काम होतं. तो माणूस मी. आठ जणांचं नाव मी घेतलं, तुझ्या बापाचं घेतलं नाही, कारण मला त्याच्यावर राग होता. बेगिमायला कोणी बोलू नका.

एर्मेक उठला आणि घोड्यांकडे निघून गेला. मला वाटलं होतं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग बुरुलचानं आत बोलावलं. तिथे बायका होत्या, त्यांना तिनं बाहेर जायला सांगितलं. ती चुलीपाशी बसली, मी दाराशी. तिनं सगळं ऐकलेलं होतं. मी तिला तू लिहिलेलं सांगितलं, दिवसाला सात-सात, नऊ-नऊ वेळा बटण. आणि बेगिमाय, ती हसली. खरोखर हसली, डोळ्यांना डोक्यावरचा रुमाल लावून. म्हणाली, डिसेंबरात असानकुल खाली आला होता तेव्हा मला म्हणत होता: प्रत्येक वेळी दाबलं की त्या तुर्सुनबेकच्या घरात घंटा वाजत असणार, आणि तो चहा सांडत असणार, आणि मला शिव्या घालत असणार. मग शिव्या घालायला का होईना, एक दिवस वर येईल. ये म्हणून निरोप धाडायला मला लाज वाटते, पण घंटा वाजवायला काय जातंय?

मग तिनं विचारलं, "वाजायची ना रे तुझ्याकडे?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला तेवढंच हवं होतं. पण मी म्हटलं, नाही वहिनी. दाबल्यावर आवाज होत नाही. नुसतं लिहिलं जातं, आणि कोणी बघितलं तर दिसतं.

मी उठायला लागलो तर म्हणाली, बस. मग म्हणाली, "आज आठ नंबरला विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. चाळिसाव्याच्या गडबडीत सकाळी कोणालाच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आता विचारावं लागत नाही वहिनी, बेगिमायनं झाडूवाला बसवून दिलाय, तो आपणहून सांगतो.

"झाडूवाला राहू दे," ती म्हणाली. "तू विचारलंस का?"

मी तसाच घरी आलो, जेवलो नाही. कॉम्प्युटर लावला. एक ठीक. दोन ठीक. तीन, चार, पाच, सहा ठीक. आठ ठीक, केमेलनं तासाभरापूर्वीच दाबलं होतं. नऊ ठीक.

मग सातला विचारलं. तुझ्या कापचिकनं लगेच सांगितलं, अशी कोणतीही नोंद नाही.

मामा